माझे पाय कुठायत?

फोटो हातात घेऊन तिने तो आधी लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला, मग पदराच्या टोकाने त्यावर नसलेली धूळ पुसली. बारा बाय पंधरा इंचांचा कृष्णधवल कागद. त्यावर तिचा चेहरा. कपाळावरचा बुक्का, घामाने फिसकटलेलं गंध, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, कानातली झिजलेली कुडी. बाकीचं सगळं मी चौकटीबाहेर ठेवलं होतं. हा फोटो मी २००६ च्या वारीत काढला होता, एका स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि पुढच्या वर्षी लोणंदच्या मुक्कामात तिची दिंडी हुडकून मी तो तिच्या हातात दिला होता. ती परभणीकडची. साठी कधीच ओलांडलेली. शेजारच्या दोघी-तिघी भाकरीचं पीठ मळता मळता माना वर करून बघत होत्या.

"आरं लेकरा, ह्याच्यात माझे पाय कुठायत?" तिने विचारलं.

मला आधी नीट कळलंच नाही. चेहरा किती चांगला आलाय, उजेड कसा बाजूने पडलाय, असं काहीबाही मी सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आळंदीपसून पायी आलेय मी. तोंड तर घरी बसल्याव बी हेच ऱ्हातंय." मग तिने फोटो माझ्या हातात परत दिला. रागाने नव्हे, बाजारात न पसंत पडलेलं लुगडं परत करावं तसा. "ठिव तुझ्यापाशी. पाय दिसतेत असा काढ अन् मग दे. अन् एवढा मोठा नगं, पिशवीत बसंना."

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. छायाचित्रणाला वाहिलेला हा अंक त्या निमित्ताने निघतो आहे. या दिवशी कॅमेऱ्यांची प्रदर्शनं भरतात, ज्येष्ठांचे सत्कार होतात, आपल्या कलेविषयी चांगलं बोललं जातं. मला या दिवशी दरवर्षी ती बाई आठवते. माझ्या आयुष्यात काही वाढ झाली असेल तर तिची सुरुवात त्या परत आलेल्या फोटोपासून झाली, असं मी मानतो. अग्रलेखाच्या जागी एवढं खासगी लिहिणं कुणाला खटकेल, पण दुसरं काही लिहावंसं वाटत नाही.

तिची तक्रार माझ्या कानांवर पहिल्यांदाच पडत नव्हती, हे मला त्याच रात्री लक्षात आलं. मी घडलो तो तालुक्याच्या गावातल्या एका लहानशा फोटो स्टुडिओत. १९८९ सालची गोष्ट. पुढे काउंटर, मधे पडदा आणि दोन दिवे, मागे डार्करूम. बाजारच्या दिवशी खेड्यांतून माणसं यायची. नवीन लग्न झालेली जोडपी, सैन्यात भरती झालेली पोरं, म्हातारीला घेऊन आलेली सून. त्यांचं एकच सांगणं असायचं, "पुरा येऊ द्या." पुरा म्हणजे टोपीपासून चपलेपर्यंत. काहींच्या चपला नव्या असत, काहींच्या उसन्या, आणि त्या फोटोत दिसायलाच हव्यात असा आग्रह असे. मी तेव्हा निमूटपणे तिपाई मागे सरकवायचो. नंतर मी पुण्यात आलो, प्रदर्शनं पाहिली, परदेशी छायाचित्रकारांची पुस्तकं पाहिली, पोर्ट्रेट म्हणजे काय ते शिकलो. त्या शिकण्यात माणसाचा चेहरा माझ्या हाती लागला आणि पाय सुटले.

पण तिच्या बोलण्यातला खरा मुद्दा मला कळायला आणखी दोन दिवस गेले. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. मी नेहमीप्रमाणे उंचवटा धरून उभा होतो. माउलींचा रथ समोर आला, हजारो हात पालखीकडे झेपावले, आणि तेव्हा मनात आलं की या पालखीत असतं तरी काय? पादुका! वर्षानुवर्षं मी फोटोंखाली 'माउलींची पालखी' असं लिहीत आलो होतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर ज्याच्यासाठी एवढा समाज चालतो, त्या पालखीत मूर्ती नसते, ज्ञानेश्वरांच्या चेहऱ्याचं चित्र नसतं. पावलांची खूण असते. नीरेच्या पात्रात स्नान घालतात तेही पादुकांना. वारकरी एकमेकांना भेटतात तेव्हा चेहरा न्याहाळत बसत नाहीत, वाकून पायांना हात लावतात. सत्तरीचा म्हातारा विशीच्या पोराच्या पायांशी वाकतो आणि दोघेही एकमेकांना 'माउली' म्हणतात. अशा परंपरेत जन्म काढलेल्या बाईला मी पाय कापलेला फोटो नेऊन दिला होता, आणि वर तो तिला आवडेल अशी अपेक्षा केली होती.

छायाचित्रणाच्या इतिहासात मागे जाऊन पाहिलं की चालणाऱ्या माणसाशी या कलेचं मुळातच वाकडं होतं असं दिसतं. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये विज्ञान आणि ललित कला या दोन अकादम्यांच्या संयुक्त बैठकीत लुई दागेरची पद्धत जाहीर करण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटवण्याची ही कृती फ्रान्स सरकारने दागेरला निवृत्तिवेतन देऊन लोकांना खुली केली. त्याच्या आदल्या वर्षी दागेरने पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचं, बुलेव्हार द्यु तांपलचं, वरच्या खिडकीतून चित्र घेतलं होतं. त्याच्या प्रती आजही पाहायला मिळतात. दिवसाढवळ्याचा भरला रस्ता, पण त्यात घोडे नाहीत, गाड्या नाहीत, माणसं नाहीत. पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात जे जे हललं ते पुसून गेलं. डावीकडे खालच्या कोपऱ्यात मात्र एक माणूस उमटला आहे. तो बुटाला पॉलिश करून घेत होता, म्हणून एक पाय पुढे करून जागेवर थांबला होता. छायाचित्रात उमटलेला पहिला माणूस म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याच्या पायाशी बसलेल्या पॉलिशवाल्याची पुसट आकृतीही तिथे आहे. तिचा उल्लेख कमी होतो.

जो थांबला तो राहिला आणि चालणारे सगळे गेले, हे मला फार बोचतं. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी त्या दशकात मुंबईच्या रहिवाशांची, निरनिराळ्या धंद्यांतल्या लोकांची छायाचित्रं काढली. तीही थांबवलेल्या माणसांची. त्या काळच्या स्टुडिओत मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी आधार लावत. वारीच्या वाटेवरचा दिवे घाट तेव्हाही होता, नीरा वाहत होती, आणि संत तुकारामांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सुरू केलेल्या पालखीच्या प्रथेला दीडशेहून अधिक वर्षं होऊन गेली होती. त्या चालणाऱ्यांना उमटवू शकेल असा पत्राच तेव्हा नव्हता.

आज आहे. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात मी धावत्या अश्वाचा खूर हवेत थांबवू शकतो. पण मी स्वतः मात्र पहिली तेरा-चौदा वर्षं रस्त्याच्या कडेलाच थांबलेला होतो. १९९३ साली पहिल्यांदा वारीला गेलो तेव्हापासून माझा शिरस्ता ठरलेला. मोटारसायकलने पुढे जायचं, घाटाच्या वळणावर जागा धरायची, पालखी आली की दोन रोल संपवायचे, पुन्हा पुढे. दिवे घाटातलं ते वळण आता इतकं ओळखीचं झालं आहे की शंभर छायाचित्रकारांचे शंभर फोटो एकावर एक ठेवले तरी रेघ चुकणार नाही. मी पालखी सोहळ्याचे हजारो फोटो काढले आणि त्यातला एक टप्पासुद्धा पूर्ण चाललो नव्हतो.

२००८ साली चाललो. तिच्याच दिंडीबरोबर. कॅमेरा गळ्यात होता, पण दुसऱ्याच दिवशी एक अडचण ध्यानात आली. सासवडच्या वाटेवर एका पांढऱ्या टोपीच्या आजोबांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. उलट नमस्कार करायला मी वाकलो तसा गळ्यातला कॅमेरा पुढे झुलला आणि त्यांच्या डोक्यावर आपटला. त्यांनी डोकं चोळलं, "असू द्या माउली" म्हणाले आणि पुढे गेले. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मी वाकताना एका हाताने कॅमेरा धरला आणि दुसऱ्या हाताने नमस्कार केला, तो अर्धवट नमस्कार मलाच आवडला नाही. त्या रात्री कॅमेऱ्याची बॅग दिंडीच्या ट्रकमध्ये धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवून दिली. पुढचे चार दिवस ती तिथेच होती.

त्या चार दिवसांत कुठला साक्षात्कार झाला नाही. पायांना फोड आले. पहाटे तीनला काकड्याचा आवाज, थंड पाण्याची आंघोळ, अंधारात तंबूच्या दोऱ्या सोडायच्या, उजाडायच्या आत चालू लागायचं. वाल्ह्याच्या पुढे टाचेचा फोड फुटला तेव्हा रस्त्याच्या कडेला चपला-बूट फुकट दुरुस्त करून देणारे चर्मकार बांधव पोतं अंथरून बसले होते. त्यांच्यातल्या एकाने माझा बूट हातात घेऊन आतली शिवण ठोकून सपाट करून दिली. पैसे घेतले नाहीत. पुढे एका शाळेच्या पटांगणात कॉलेजची पोरं म्हाताऱ्यांच्या पायांना तेल लावून देत होती. मीही रांगेत बसलो. एका अनोळखी मुलाने माझे मातीने भरलेले पाय मांडीवर घेतले. आपले पाय दुसऱ्याच्या हातात देताना माणसाला किती लाज वाटते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी आजवर अशा किती पायांचे जवळून फोटो काढले होते. त्या माणसांना त्या वेळी काय वाटत असेल, हा प्रश्न मला कधीही पडला नव्हता.

पाचव्या दिवशी तासभर असा गेला की त्यातला एकही फोटो मला आठवत नाही. टाळांचा ठेका पावलांत उतरला होता, पुढच्या माणसाच्या टाचा दिसत होत्या, मागच्याचं पाऊल ऐकू येत होतं. हे दृश्य चांगलं आहे, हा उजेड टिपायला हवा, हा मनातला सततचा हिशेब थांबला होता. अध्यात्म हा शब्द मी जपून वापरतो, कारण तो वापरण्याइतका माझा अभ्यास नाही. पण माझ्यापुरता त्या शब्दाला अर्थ आहे तो त्या तासाचा. मी बघणारा आहे, हे मी विसरलो होतो आणि त्यामुळे काही कमी पडलं नव्हतं.

लेखणीवाल्यांना चालण्याचं हे मोल आमच्या आधी कळलं होतं. इरावती कर्वे यांनी वारीवर लिहिलेला 'वाटचाल' हा लेख 'परिपूर्ती'त आहे. त्या दिंडीबरोबर चालल्या, आणि चालल्या म्हणूनच एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीजातींनी वेगळी बसतात हे त्यांना दिसलं आणि सललं. दि. बा. मोकाशी यांचं 'पालखी' हे पुस्तकही असंच पायी चालून लिहिलेलं आहे. छायाचित्रकारांत संदेश भंडारे यांचं 'वारी : एक आनंदयात्रा' पाहताना त्या माणसांत वावरलेला डोळा लगेच ओळखू येतो. कडेला उभं राहून आनंद दिसत नाही, फक्त गर्दी दिसते.

कडेला न थांबता आधी आत शिरण्याचं एक फार जुनं उदाहरण पुण्यातलंच आहे. १९४६ साली अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा फोटो काढायला पुण्याच्या निसर्गोपचार केंद्रात आल्या. गांधीजींजवळच्या माणसांनी त्यांना विचारलं, तुम्हाला सूत कातता येतं का? येत नसेल तर आधी शिका. ज्याला चरखा कळत नाही त्याला चरख्याशेजारचा माणूस कसा कळेल, असा त्या अटीचा अर्थ. त्या दिवशी गांधीजींचं मौन होतं, खोलीत उजेड बेताचा, आणि फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची परवानगी. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने काम केलं. पुढे मोठा चरखा, मागे खाली बसून कात्रणं वाचणारे गांधीजी. तो फोटो तेव्हा फारसा गाजला नाही. १९४८ साली त्यांच्या हत्येनंतर जगभर गेला. आज चरखा म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो. सूत कातायला शिकण्याचा आणि त्या फोटोचा संबंध सिद्ध करता येणार नाही हे मान्य, पण चरख्याला फोटोत एवढी मोठी जागा द्यावी असं बर्क-व्हाइट यांना वाटलं, ते उगाच वाटलं नसेल असं मला वाटतं.

मी मात्र अशी कुठली अट पाळली नव्हती. माझ्या फायलीत एक निगेटिव्ह आहे. १९९६ ची आषाढी, चंद्रभागेचं वाळवंट, पहाट. नदीतून आंघोळ करून बाहेर येणारी एक बाई, ओलं अंग, ओले केस, मागे धुकं आणि पुंडलिकाच्या मंदिराचा कळस. तिच्याबरोबरच्या माणसाने मला हात आडवा करून नको म्हटलं. ते मला दिसलं, आणि तरी मी बटण दाबलं. फोटो सुरेख आला आहे. मी तो कधी कुठे पाठवला नाही, छापला नाही, पण ते नको म्हणणं धुडकावून मी तो घेतला ही गोष्ट काही पुसली जात नाही. आपल्या भाषेत आपण फोटो 'काढतो'. विहिरीतून पाणी काढतात, अंगातून काटा काढतात, तसा माणसातून फोटो काढतात. काढायच्या आधी विचारायचं असतं, एवढं साधं कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

आता वारीत मी जातो तेव्हा हेच जास्त प्रमाणात होताना पाहतो आणि मन विटतं. रिंगणात अश्व धावायच्या आधी ड्रोन घोंघावतात. फुगडी थांबवलेल्या बायकांना "माउली, परत एकदा, इकडे बघून" असं सांगितलं जातं आणि त्या बिचाऱ्या परत घालतात. घाटावर आंघोळीला उतरलेल्या बायकांवर लांब लेन्स रोखलेल्या असतात. हे सगळं करणाऱ्या मुलांना दोष देताना मी स्वतःला बाजूला काढू शकत नाही. ती जे फोटो पाहून हे शिकली, त्यांत माझेही फोटो असतील.

दुसऱ्या बाजूला एक गोष्ट फार आनंदाची झाली आहे. कॅमेरा आता वारकऱ्यांच्या स्वतःच्या खिशात आहे. धोतराच्या सोग्यात मोबाइल खोचलेले आजोबा पालखी विसाव्याला थांबली की घरी व्हिडिओ कॉल लावतात आणि नातवाला रथ दाखवतात. मी त्यांनी काढलेले फोटो मुद्दाम मागून बघतो. बहुतेकांत सगळी दिंडी एका ओळीत उभी असते, पताका असते, विणेकरी मधे असतो, आणि सगळ्यांचे पाय दिसतात. 'पुरा येऊ द्या' ही माझ्या स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांची मागणी त्यांनी स्वतःच पुरी केली आहे.

२०२० साली वारी पायी निघाली नाही. करोनामुळे पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या, २०२१ लाही बसनेच. ज्या दिवशी एरवी लोणंदहून तरडगावकडे पालखी निघते, त्या दिवशी मी त्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. एक कुत्रं, दोन ट्रॅक्टर, कडेची बाभळीची झाडं. मी तिथे दिवसभर थांबलो आणि एकच फोटो काढला. रिकाम्या रस्त्याचा. तो दागेरच्या पॅरिसच्या रस्त्यासारखा दिसतो, फरक इतकाच की या खेपेला चालणारे खरोखरच नव्हते. तो फोटो मी भिंतीवर लावलेला नाही. बघवत नाही.

वाढ म्हणजे काय, याचा विचार करताना मला दादासाहेब फाळके आठवतात. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि रोज त्याची चित्रं टिपत महिनाभराहून जास्त दिवस काढले. ती एकामागोमाग दाखवल्यावर अंकुर सरसर वर येताना दिसला. लोकांनी पडद्यावर पाहिली ती मिनिटभराची जादू. फाळक्यांनी पाहिलं होतं ते बहुतेक दिवशी काहीच न बदललेलं रोप. माझ्या स्टुडिओचे मालक डार्करूममध्ये वेगळ्या शब्दांत हेच सांगत. कागदावर प्रतिमा डेव्हलपरमध्ये मिनिटभरात येते, हायपोत ती पक्की होते, पण नंतर वाहत्या पाण्यात प्रिंट तासभर धुवावी लागते, नाहीतर आत राहिलेला हायपो पुढे कधीतरी तिला पिवळी पाडतो. "धुण्यात हयगय केलीस तर गिऱ्हाईक आज ओरडणार नाही," ते म्हणायचे, "वीस वर्षांनी ओरडेल." हिवाळ्यात त्या पाण्याने बोटं बधिर व्हायची आणि मी वेळ कमी करायचो. तेव्हा धुतलेल्या काही प्रिंट आज माझ्याकडे आहेत. कोणत्या प्रिंटवर मी वेळ मारला होता, ते आता दिसतं.

पंढरपुरात पोचल्यावर कॅमेरा मंदिराबाहेरच ठेवावा लागतो आणि ते योग्यच आहे. आषाढीची दर्शनाची रांग तासन्‌तास चालते. पुष्कळ वारकरी त्या रांगेत न थांबता कळसाला हात जोडून परत फिरतात. अठरा-वीस दिवस चालून आल्यावर दुरून कळस बघून समाधान मानणं मला पूर्वी अपुरं वाटे. आता मंदिराच्या दारापाशी उभं राहिलं की तसं वाटत नाही. महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची. संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून ते तिथे राहिले अशी श्रद्धा. त्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांच्या लोकांना शतकानुशतकं त्या पायरीच्या पुढे पाऊल टाकता आलं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, त्यानंतर ते दार त्यांच्यासाठी उघडलं. कुणाचे पाय कुठवर जाऊ द्यायचे, यावर आपल्या समाजाने किती माणसं बाहेर ठेवली, हे त्या पायरीपाशी उभं राहिलं की टाळता येत नाही. चौकट आखणाऱ्याने तर मुळीच टाळू नये. आम्हीही दर फोटोत कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं ते ठरवतच असतो.

त्या बाईचा दुसरा फोटो मी २००८ च्या वारीत काढला. तरडगावच्या अलीकडे, सकाळी आठच्या सुमाराला. ती उभी, डोक्यावर तुळशीचं वृंदावन, शेजारी तिच्या दिंडीतल्या चौघी. पावसाने चिखल झाला होता म्हणून चपला तिने हातात घेतल्या होत्या, त्यामुळे पाय उघडे, घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. रचना अगदी साधी आहे, उजेडही सपाट. कुठल्याही स्पर्धेत तो फोटो पहिल्या फेरीत बाद होईल. २००९ ला लोणंदला पोस्टकार्डाएवढी प्रिंट मी तिला दिली. तिने ती पाहिली, चौघींत फिरवली, एकीने माझ्याकडे पाहून मान हलवली. मग तिने पिशवीतून हरिपाठाचं पुस्तक काढलं, फोटो त्यात ठेवला आणि मला विचारलं, "जेवलास का?"

वारीत कॅमेरा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः पहिल्यांदा येणाऱ्या तरुण मित्रांना, माझी एक विनंती आहे. ज्याचा फोटो घ्याल त्याचा दिंडी क्रमांक आणि गाव वहीत लिहून ठेवा. त्या क्रमांकावरून दिंडी पुढच्या वर्षीही सापडते. आणि पुढच्या आषाढीला जाताना त्या फोटोची एक लहानशी प्रिंट, पिशवीत बसेल एवढी, बरोबर घेऊन जा.